कोणाच्या उजवीकडे

शंकररावांचं पत्र मला २०१४ च्या फेब्रुवारीत आलं, आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. निळं आंतरदेशीय होतं. अक्षर तेच, ऑफिसच्या रजिस्टरात असायचं तसं ताठ. मजकूर एवढाच:

"भागवत यास. तुझा पत्ता एका जुन्या लाइनमनकडून मिळवला. एक लहानशी शंका आहे. १९८३ च्या टिपणात दोन्ही ठिकाणी 'उजवीकडे पीळ द्यावा' असं लिहिलं आहे. उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? उलटटपाली कळवणे. शंकरराव."

'यांस' नाही, 'यास'. टिंब चुकून राहिलं असेल म्हणून मी पत्रातली बाकीची टिंबं पाहिली. 'असं'वर होतं, 'लिहिलं'वर होतं. म्हणजे टिंबांची टंचाई नव्हती. पण हा माझा स्वभावच आहे; माणूस काय म्हणतो ते सोडून मी टिंबं मोजत बसतो. शंकरराव माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे, एकेकाळचे माझे साहेब. त्यांनी 'यास' लिहिलं तर काय बिघडलं, असंही वाटून गेलं.

तरीही ते पत्र वाचून मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. ज्या टिपणाबद्दल त्यांना खात्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, ज्यावर त्यांचं एकट्याचं नाव छापलं गेलं, त्या टिपणाचा अर्थच त्यांना कळत नव्हता. आणि तो सांगू शकेल असा जिवंत माणूस एकच उरला होता.

मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. आता एकाहत्तर वर्षांचा आहे, लोणारला राहतो, आणि जुने टेलिफोन जमवणारे हौशी लोक आपले काळे जड फोन माझ्याकडे पार्सलने पाठवतात. फोनचा डबा सहसा शाबूत असतो. जाते ती रिसीव्हरची दोरी, कापडी विणीची. आतलं रबर वाळून भुगा होतं, उंदीर लागतो, हाताच्या घामाने वीण कुजते. तशी दोरी आता सहजी मिळत नाही. मी ती घरी बनवतो.

तिच्या आत साधी तार चालत नाही. रोज वाकवाकून साधी तार तुटते. आत सुताच्या धाग्यावर तांब्याची केसाएवढी पट्टी गुंडाळलेली असते, लुगड्याच्या जरीसारखी. आम्ही तिला जरीची तारच म्हणायचो. अशा तीन तारा, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं सूत, मग तिघींचा मिळून एक पीळ, आणि वरून कापडी वीण. सगळी गोम पिळात आहे. एकेका तारेचा पीळ एका दिशेला आणि तिघींचा मिळून उलट दिशेला पडला, तर दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरी सरळ लोंबते. दोन्ही एकाच दिशेला पडले, तर महिन्याभरात दोरी अंगावर उठते, स्वतःभोवतीच वेटोळं घालते, आतली जरीची तार तुटते आणि कानात खरखर सुरू होते.

हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नाही, आणि पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. हे माझ्या बापाचं आहे.

बापाचं नाव कडूबा. आम्ही मातंग, सुलतानपूरचे. बाप अंबाडीचे आणि केकताडाचे, म्हणजे घायपाताचे, दोर वळायचा. आई, गोजरबाई, एका टोकाला बसून लोखंडी आकडा फिरवायची. बाप दुसऱ्या टोकाला कमरेला वाख, म्हणजे सोललेले तंतू, बांधून, बोटांतून तो थोडाथोडा सोडत, तिच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत जायचा. "उजवीकडे," तो म्हणायचा. आई आकडा तिच्या डावीकडे फिरवायची. दोघं समोरासमोर, त्यामुळे त्याचं उजवं ते तिचं डावं, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या हंगामातच कळलं होतं. तीन पदर तयार झाले की ते एकत्र वळायला जोर लागायचा. तेव्हा बाप स्वतः आकड्यापाशी यायचा आणि आई दुसरं टोक धरायची. बाप पुन्हा म्हणायचा, "उजवीकडे," आणि आकडा स्वतःच्या उजवीकडे फिरवायचा. शब्द तोच, पण मधे त्याने टोक बदललेलं असायचं. म्हणून दुसरा पीळ आपसूक पहिल्याच्या उलट पडायचा. हे त्याने कधी समजावून सांगितलं नाही. त्याला त्यात समजावण्यासारखं काही आहे असं वाटतच नसावं.

१९८३ साली मी ज्या एक्स्चेंजात होतो तिथे आठ महिने नव्या दोऱ्या आल्या नव्हत्या. लोक तक्रारी करून थकले. मी घरी बसून बापाच्या पद्धतीने एक दोरी वळली आणि गुपचूप एका फोनला लावली. शंकरराव आमचे साहेब. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी ती ओढून पाहिली, लोंबती सोडून पाहिली, आणि मला विचारलं, हे कोणी शिकवलं. मी सांगितलं.

"घेऊन ये तुह्या बापाले," ते म्हणाले. "आपल्या खात्याले विलायती इंजिनिअर काही परवडत नाही."

सगळे हसले. मीही हसलो.

आईबाप एसटीने आले. बापाने धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि आकडा फडक्यात गुंडाळून आणला होता, जसा कोणी देव आणतो. एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात त्यांनी जरीची तार वळून दाखवली. शंकरराव व्हरांड्यात खुर्चीवर बसून पाहत होते, मी पायरीवर बसून टिपण लिहीत होतो. बाप जे बोलेल ते मी जसंच्या तसं उतरवलं. 'उजवीकडे पीळ द्यावा' हे वाक्य दोनदा लिहिलं ते मीच. कोणाच्या उजवीकडे, हे लिहायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं म्हणून सुचलं नाही. चूक धरायची तर ती माझी आहे.

मग फोटोग्राफर आला, तेव्हा शंकरराव पायऱ्या उतरून खाली आले. दोन फोटो निघाले, एक पहिल्या पिळाचा, एक दुसऱ्या पिळाचा. दोन्हींत साहेब मधे, दोरीला हात लावून.

निघताना बाप साहेबांसमोर उभा राहिला. आयुष्यात त्याने कोणाजवळ काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून ते वाक्य अजून कानात आहे. "साहेब, सरकारी कागदावर माहं नाव येईन का?"

"येईन ना, कडूबा," शंकरराव म्हणाले. "तुह्यावाचून कसं होईन?"

तीन महिन्यांनी परिपत्रक आलं. शंकररावांनी शोधून काढलेली दोरी-दुरुस्तीची पद्धत, सर्व एक्स्चेंजांनी अवलंबावी. खाली त्यांचं नाव, हुद्दा, आणि कौतुकाच्या दोन ओळी. मी ते तीनदा वाचलं. कडूबा कुठेच नव्हता. मीही नव्हतो, पण त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मी उठलो, साहेबांच्या टेबलापाशी गेलो, आणि उभा राहिलो.

"काय भागवत, रजा पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणालो, आणि एक दिवसाची रजा घेऊन परत आलो.

त्या रजेत मी सुलतानपूरला गेलो. बाप अंगणात बसला होता. मी परिपत्रक काढलं आणि वाचून दाखवलं. जिथे 'शंकरराव' होतं तिथे मी 'शंकरराव व सुलतानपूरचे कडूबा' असं वाचलं. अगदी सहज वाचलं, अडखळलो नाही. बापाने तो कागद मागून घेतला. नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखव म्हणाला. मी एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द 'अवलंबावी' होता.

पंधरा दिवस बाप तो कागद टोपीत ठेवून गावभर हिंडला. मग त्याने तो ग्रामसेवकाला दाखवला, आणि ग्रामसेवकाने तो वाचला.

पुढच्या खेपेला मी घरी गेलो तेव्हा बापाने तो कागद माझ्या हातात परत दिला. "वाचता येते म्हणून काहीबी वाचशीन काय बे?" एवढंच म्हणाला. त्यानंतर आठ वर्षं तो जगला, पण हा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शंकररावांना दिल्या असत्या तर आणखी बरं.

तर २०१४ साली त्या माणसाचं पत्र माझ्या हातात होतं. निवृत्तीनंतर ते शेगावला राहतात आणि त्यांना जुने फोन जमवण्याचा नाद लागला, हे मी ऐकून होतो. आपल्याच नावाच्या पद्धतीने ते दोऱ्या वळत होते, आणि दोऱ्या अंगावर उठत होत्या. दोन्ही पीळ त्यांनी स्वतःच्या उजवीकडे दिले असणार. जमलं नाही म्हणून दोन्ही डावीकडे देऊन पाहिले असणार. एकाच कागदावर एकच शब्द दोनदा आला की त्याचा अर्थ दोन्ही वेळा एकच, असं शिकलेला माणूस धरून चालतो. एक उजवा आणि एक डावा हे त्यांच्या डोक्यात येणार नाही, याची मला खात्री होती.

मी उत्तर दिलं नाही. अकरा वर्षं दिलं नाही. माझ्यासारख्या माणसाला सूड घ्यायला याहून सोयीचा मार्ग नव्हता. त्यात काही करावंच लागत नाही. वाचनालयातून येताना, भाजी निवडताना मधेच आठवायचं, की शेगावात एक म्हातारा टेबलाशी बसला आहे आणि त्याच्या हातात दोरी वेटोळं घालते आहे. जेवण चांगलं जायचं.

यंदा मार्चमध्ये दुपारी एक बाई दारात आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. लोणारची एसटी मेहकरला बदलावी लागली, उशीर झाला, म्हणून त्यांनी आधी माफी मागितली. मग म्हणाल्या, "मी प्रेरणा. शंकररावांची मुलगी. बाबांनी पाठवलं, काका."

मला उभं राहता येईना आणि बसताही येईना. शेवटी चहा ठेवायला आत गेलो. त्यांनी शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा आणला होता, तो ताटलीत काढला. त्या शाळेत शिकवतात. बोलायला मोकळ्या आणि आपल्या बापावर जीव असलेल्या. पिशवीतून त्यांनी एक काळा फोन काढला. त्याची दोरी डब्यापाशी गोळा होऊन बसली होती.

"मांजरासारखी आहे ही," त्या म्हणाल्या. "जरा नजर हटली की गोल होऊन झोपते."

त्यांनी सांगितलं ते असं. बाबांनी सहा वर्षांपूर्वी दोऱ्यांच्या दुरुस्तीवर एक पुस्तिका काढली. आता ते सत्याऐंशीचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आहेत. पेपर, पत्रं सगळं प्रेरणाताईच मोठ्याने वाचून दाखवतात. पुस्तिका वाचून दोऱ्या बनवणाऱ्यांची पत्रं येतात, आणि त्यांतली बरीच चांगल्या भाषेत नसतात. तीही त्यांना वाचावी लागतात. बाबांना दुसरी आवृत्ती काढायची आहे. एक वाक्य दुरुस्त झालं की मी जायला मोकळा, असं म्हणतात.

"तुम्हाला पूर्वी एक पत्र पाठवलं होतं म्हणे. मिळालं नाही का?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. मी पानं उलटत होतो तेव्हा त्या कौतुकाने सांगत होत्या, की बाबांचं सगळं किती जपून असतं. ऑफिसच्या काळातल्या फोटोंच्या निगेटिव्हसुद्धा तारखा घालून पाकिटांत ठेवल्या आहेत. "या पुस्तकातले फोटो त्यातलेच. मूळ फोटोंत बरंच काही होतं. बाबा प्रेसवाल्याला म्हणाले, कडेची गर्दी कापून टाक."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवून जा, आठ दिवसांनी या, म्हणालो. त्या उजवी-डावीबद्दल विचारत होत्या, तेव्हा मी लिहून देतो असं सांगितलं.

त्या गेल्यावर मी अकरावं आणि बारावं पान उघडलं. 'लेखक पीळ देताना, १९८३.' दोन्ही फोटोंत शंकरराव मधे. दोरी चित्राच्या एका कडेतून येत होती आणि दुसऱ्या कडेतून जात होती. टोकं कुठेच नव्हती. बाराव्या पानावर अगदी कडेला चार बोटं राहून गेली होती. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं. बापाचं नख, वाखाने दुभंगलं होतं ते, मी लहान होतो तेव्हा. तेराव्या पानावर लिहिलं होतं: 'स्थानिक मजुरांनी सहकार्य केले.'

गर्दी. दोन माणसं होती. एक माझी आई होती.

बराच वेळ मी फक्त चिडलो होतो. मग लक्षात आलं आणि मी चष्मा काढून ठेवला. पहिल्या फोटोत बाप सरकणाऱ्या टोकाला आहे, दुसऱ्यात आकड्याच्या. जो माणूस त्यांना नको होता, तो कुठे उभा आहे यातच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते त्यांनी स्वतः कापून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो आणि मोबाइलच्या दुकानातून बटणांच्या फोनला असते ती प्लास्टिकची गुंडाळी दोरी आणली. राखाडी रंगाची. ती मी त्या काळ्या फोनला लावली. जुने फोन जमवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. जोडणी मात्र चोख केली. आवाज स्वच्छ येत होता. प्रेरणाताई आठ दिवसांनी आल्या, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. फोन कानाला लावून त्या खूश झाल्या, आणि पुन्हा कचोऱ्या आणल्या होत्या त्या ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला. बाबांनी दोरीवरून हात फिरवला, म्हणाल्या. मग म्हणाले, भागवतनं पत्राचं उत्तर दिलं. "काय झालं, काका? तुमचं दोघांचं काही आहे का?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्याकडून कोणीतरी फोन घेतला. श्वास ऐकू आला आधी.

"कापडी दोरीच्या जागी प्लास्टिक लावलं तू."

"हो साहेब."

"राग आहे का तुले माह्यावर?"

"नाही साहेब." बेचाळीस वर्षांनी विचारलं, आणि मी रजेचा अर्ज दिल्यासारखं उत्तर दिलं.

"मग काऊन असं केलं?"

मी सगळा धीर गोळा केला. "साहेब, माझे वडील आठवतात का तुम्हाला?"

ते खरंच आठवून पाहत होते, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. "तुहे वडील? तू होता. आन् तुह्यासोबत दोन मजूर होते. नाही का?"

"हो," मी म्हणालो.

"ते जाऊ दे. कोणाच्या उजवीकडे, तेवढं सांग."

"लिहून पाठवतो, साहेब."

"लवकर पाठव बे. माह्यापाशी आता टाइम नाही."

फोन ठेवल्यावर मला प्लास्टिकच्या दोरीची लाज वाटली. सूड म्हणून ती फारच किरकोळ होती. पोरं मास्तरच्या खुर्चीला खाजकुयली लावतात, त्यातलीच. आणि अकरा वर्षांचं मौन? ज्याला आपण काय घेतलं हेच आठवत नाही, त्याच्यासमोर मी गप्प बसून कोणाला शिक्षा करत होतो? बापाचं नाव त्यांनी दाबलं होतं असं मी इतकी वर्षं धरून चाललो. दाबायला ते नाव लक्षात तर पाहिजे.

त्याच दिवशी मी पत्र लिहायला बसलो. पहिलं पत्र एका ओळीचं होतं: 'आपल्याच उजवीकडे, दोन्ही वेळेस; फक्त पीळ आणखी घट्ट द्यावा.' खोटं. ते त्यांनी छापलं असतं, दुसरी आवृत्तीही पहिलीसारखीच निघाली असती, पुन्हा शिव्यांची पत्रं आली असती, आणि त्या शिव्या ऐकतच ते गेले असते. मी पाकीट बंदही केलं. मग आठवलं, की ते वाचून जे दोऱ्या वळतील त्यांची जरीची तार फुकट जाईल. ती आता औषधापुरतीच उरली आहे. आणि शेवटी ते मोडके फोन माझ्याकडेच येतील. मी पाकीट फाडलं. मी घाबरून फाडलं की तारेच्या काळजीने, हे मला नक्की सांगता येणार नाही.

दुसरं पत्र सात पानांचं झालं. त्यात सगळं होतं, टोपीतला कागदसुद्धा. वाचून पाहिलं तर मी दार वाजवून काहीतरी मागतो आहे असं वाटत होतं. तेही ठेवून दिलं.

तिसऱ्यात मी पूर्ण पद्धत लिहिली आणि अट घातली, की पुस्तकात वडिलांचं नाव छापावं. हे सर्वांत शहाणपणाचं पत्र होतं. ते नक्की छापतील, हेही मला ठाऊक होतं. प्रस्तावनेत मोठ्या मनाचा एक परिच्छेद येईल, कडूबा नावाच्या साध्या माणसाचे ऋण वगैरे, आणि लोक म्हणतील, केवढा दिलदार लेखक. म्हणजे बापाच्या नावावर पुन्हा त्यांचंच कौतुक. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. इतक्या स्वस्तात तर नाहीच.

चार दिवस मी काही लिहिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी, दात घासताना, मला काय हवं आहे ते कळलं. बापाचं नाव कागदावर यायला नको होतं. ते त्यांच्या तोंडून निघायला हवं होतं, आणि ज्या माणसासमोर त्यांना मान आहे त्याच्यासमोर. असं माणूस आता त्यांच्या घरात एकच होतं.

मी मायना लिहिला, आणि पुढे एवढंच:

"आपण विचारलं होतं, कोणाच्या उजवीकडे. माझ्या वडिलांच्या उजवीकडे, दोन्ही वेळेस. पहिल्या पिळाला ते कोणत्या टोकाला होते आणि दुसऱ्याला कोणत्या, हे त्या दिवशीच्या दोन्ही फोटोंत आहे. पुस्तकात आपण नेमका तेवढाच भाग कापला. निगेटिव्ह आपल्याकडे आहेत. प्रेरणाताईंना त्या उजेडात धरायला सांगा, आणि टोकाला कोण उभं आहे ते विचारा. त्या ओळखणार नाहीत. त्यांना आपण सांगावं. वडिलांचं नाव कडूबा. समोर बसलेल्या माझ्या आई गोजरबाई. सरकारी कागदावर माझं नाव येईल का, असं वडिलांनी आपल्याला विचारलं होतं. आपण काय म्हणालात, तेही ताईंना सांगावं. एवढं झालं की उत्तर आपल्याला आपसूक दिसेल."

'दिसेल' हा शब्द मी पुन्हा वाचला. तो आंधळ्या माणसाला लिहिला होता. खोडून 'कळेल' लिहावं असं वाटलं, पेन उचललंही. मग तसाच राहू दिला.

खाली 'भागवत कडूबा खंडारे' अशी पूर्ण सही केली.

पोस्टात जाताना प्रेरणाताई डोक्यातून जाईनात. पत्र त्याच वाचणार. एकेक वाक्य त्यांच्या आवाजात होणार, 'त्यांना आपण सांगावं' इथे त्या थांबणार, आणि बापाच्या तोंडाकडे पाहणार. त्यांनी माझं काहीच वाईट केलं नव्हतं. दोनदा कचोऱ्या आणल्या होत्या. त्यांच्या नावाने वेगळी चिठ्ठी घालावी, की ताई, हे तुम्ही वाचू नका, शेजारच्या कोणाकडून वाचून घ्या. एवढी माणुसकी मला जमायला हरकत नव्हती. पोस्टाच्या पायरीवर मी उभा राहिलो, खिशात कोरा कागदही होता. पण दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर शंकररावांनी मान हलवली असती आणि चहा मागवला असता. त्यांना मान खाली घालायला लावील असा आवाज तो एकच होता.

कागद खिशातच ठेवला. पेटीजवळ एक म्हातारी मनीऑर्डरचा फॉर्म कोणाकडून तरी भरून घेत होती, तिला आधी बाजूला होऊ दिलं. मग पाकिटावरचा पत्ता आणि पिनकोड पुन्हा तपासला, तिकीट अंगठ्याने दाबलं, आणि पत्र पेटीत टाकलं.